ब्रिग म्हणजे जहाज की कोठडी? मराठीत काय लिहायचं ते कसं ठरवावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही धागा सापडेल. तुम्ही एका इंग्रजी सागरी कथेचा मराठी अनुवाद करताय. काळ १८४० च्या आसपासचा, जहाज अमेरिकी नौदलाचं. सुरुवातीला एक 'ब्रिग' वादळातून निसटून बंदरात शिरतं. पुढे कॅप्टन दोन खलाशांना 'ब्रिगमध्ये' टाकायचा हुकूम सोडतो, आणि ते दोघे तर त्याच जहाजावर आहेत. शेवटचं प्रकरण आपल्या काळातलं आहे. त्यात त्यांच्यातल्या एकाचा वंशज 'ब्रिगमध्ये' काही महिने काढतो, तिथे त्याला आईची पत्रं येतात, वकील भेटायला येतो. तुम्ही पहिल्या खर्ड्यात तिन्ही ठिकाणी 'गलबत' लिहिलंत. तो वाचून तुमच्या मित्रानं विचारलं, गलबतावरच्या माणसाला पुन्हा गलबतात कसं टाकणार? शब्दकोशात जहाज आणि कैदखाना असे दोन्ही अर्थ दिसले आणि तुम्ही अडलात.

दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि तुमच्या कथेत दोन्ही आलेत. अडचण आहे ती कुठे कोणता ते ओळखण्याची, आणि त्याहून अवघड म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर योग्य चित्र उभं करण्याची. मी वडोदऱ्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असा तिन्हीकडून अनुवाद करते. त्यात बंदरांचे जुने करारमदार, प्रवासवर्णनं आणि आरमाराचे कागद बरेच आले. बडोद्याला समुद्र नाही हे खरं, पण गायकवाडांचं आरमार बिलिमोऱ्याला असे आणि त्या ठाण्याला सुभा आरमार म्हणत. इथल्या मराठी माणसाला जहाजांचे शब्द अगदीच परके असायचं कारण नाही.

आधी जहाज घेऊ. अनुवादक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात, त्यामुळे यावर जरा थांबते.

ब्रिग हे जहाजाच्या सांगाड्याचं नाव नव्हे, ते शिडांच्या मांडणीचं नाव आहे. दोन डोलकाठ्या, आणि दोन्हींवर चौकोनी शिडं. चौकोनी शीड आडव्या काठीला बांधलेलं असतं आणि ती काठी जहाजाच्या लांबीला काटकोनात, डावी-उजवीकडे पसरलेली असते. अशी तीन-चार शिडं एकावर एक. शिवाय मागच्या, म्हणजे मोठ्या डोलकाठीच्या पाठीशी आणखी एक शीड असतं, ते मात्र जहाजाच्या लांबीच्या दिशेनं उभं राहतं आणि जहाज वळवताना फार उपयोगी पडतं. कोकणातल्या मचव्याचं तिरक्या काठीवरचं मोठं शीड तुम्ही पाहिलं असेल, तर ते आणि हे किती वेगळं ते लगेच कळेल. मचव्याचं शीड वाऱ्याकडे तोंड करून चढायला चांगलं. ब्रिगची शिडं वारा पाठीशी असला की जोर धरतात.

एखादं चित्र समोर ठेवून स्वतः ओळखायचं असेल तर आधी डोलकाठ्या मोजा. तीन असल्या तर ते ब्रिग नाही, मग चित्राखाली काहीही लिहिलेलं असो. दोन असल्या तर मागच्या काठीकडे बघा. तिच्यावरही आडव्या काठ्यांची रांग आहे का? असेल तर ब्रिग. पुढच्या काठीवर चौकोनी शिडं आणि मागच्या काठीचं मुख्य शीड लांबीच्या दिशेनं असेल तर बहुधा ब्रिगँटिन. दोन्ही काठ्यांवर मुख्य शिडं लांबीच्याच दिशेनं असतील तर स्कूनर. आणखी एक 'स्नो' नावाचा प्रकार आहे. तो जवळजवळ ब्रिगसारखाच, फक्त मोठ्या डोलकाठीच्या मागे अगदी चिकटून एक बारीक जादा काठी असते आणि मागचं शीड तिच्यावर चढवतात. तुमच्या कथेत हा फरक कुठे आला नसेल तर सोडून द्या.

नावाचं मूळही सांगते, कारण त्यातून एक गोष्ट कळते. ब्रिग हे ब्रिगँटिनचं आखूड रूप. ब्रिगँटिन आलं इटालियनमधून, आणि त्याच्या मुळाशी भांडणतंटा, लुटारूपणा या अर्थाचा शब्द आहे. भूमध्य समुद्रात शीड आणि वल्ही अशा दोन्हींवर चालणारी ती चपळ, छोटी जहाजं चाच्यांच्या आवडीची. पुढे शब्द उत्तरेकडे सरकला तसं जहाज बदललं, वल्ही गेली, शिडं बदलली, नाव तेवढं राहिलं. म्हणून १६०० च्या आसपासच्या मजकुरातलं ब्रिगँटिन आणि १८०० नंतरचं ब्रिगँटिन हे एकच जहाज समजू नका. लष्करी 'ब्रिगेड' याच घराण्यातली. वर्तमानपत्रात नावाआधी येणारं 'ब्रिग.' हे ब्रिगेडियरचं संक्षिप्त रूप, आणि स्कॉटलंडच्या बोलीत ब्रिग म्हणजे पूल. हे दोन अर्थ तुमच्या कामाचे नाहीत, पण शोध घेताना मध्येच आडवे येतात म्हणून नोंदवले.

नौदलांना ब्रिग का आवडे? आकारानं आटोपशीर, वेगानं चांगलं, आणि शिडं उलटी धरून थोड्या जागेत वळवता येणारं. तोफा साधारण दहा ते अठरा. ब्रिटिश नौदलानं चेरोकी वर्गाची दहा तोफांची आणि क्रूझर वर्गाची अठरा तोफांची ब्रिग जहाजं प्रत्येकी शंभराहून जास्त बांधली. त्यातली काही आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली, सागवानात बांधली गेली. १८१४ चं 'व्हिक्टर' आणि १८१५ चं 'झेब्रा' ही त्यातलीच. ईस्ट इंडिया कंपनीचं 'पॅलिन्युरस' हे ब्रिग १८३० च्या दशकात अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करत हिंडत होतं. कंपनीच्या मुंबईकडच्या कागदांत ब्रिग शब्द दिसला की तो जहाजाचाच धरून चाला.

व्यापारातही ब्रिग भरपूर होती. न्यूकॅसलचा कोळसा लंडनला वाहून नेणारी कितीतरी जहाजं ब्रिगच. पण चौकोनी शिडं आवळायला-सोडायला माणसं वर चढवावी लागतात, आणि माणसं म्हणजे पगार. एकोणिसाव्या शतकात किनारी व्यापार हळूहळू स्कूनरकडे आणि वाफेकडे गेला त्याचं हे एक मोठं कारण.

शिडांच्या मांडणीचं नाव म्हणजे काय, हे 'बीगल'च्या उदाहरणानं पक्कं होईल. डार्विनमुळे ते जहाज सगळ्यांना माहीत आहे. १८२० मध्ये ते चेरोकी वर्गाचं ब्रिग म्हणून पाण्यात उतरलं, लांबी सुमारे ९० फूट. १८२५ मध्ये त्याला पाहणीच्या कामासाठी सज्ज करताना तिसरी डोलकाठी बसवली, आणि त्या दिवसापासून ते बार्क झालं. लाकूड तेच, नाव तेच, प्रकार बदलला. डार्विन १८३१ मध्ये निघाला तो बार्कवरून. तरीही अनेक ठिकाणी 'बीगल हे ब्रिग' असंच छापलेलं आढळतं. मूळ लेखकाचीही अशी गफलत असू शकते, म्हणून जहाजाचं खरं नाव दिलेलं असेल तर त्याचा इतिहास एकदा जरूर तपासा. बार्क कसं दिसतं ते बघायचं असेल तर आपल्या नौदलाची 'तरंगिणी' बघा. गोव्यात बांधलेली, १९९७ मध्ये सेवेत आलेली, तीन डोलकाठ्यांची. पुढच्या दोन काठ्यांवर चौकोनी शिडं, शेवटच्या काठीवर नाहीत.

'ब्रिग-स्लूप' हा शब्द बघूनही गोंधळू नका. ब्रिटिश नौदलात स्लूप हा दर्जा होता, कमांडर हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचं छोटं लढाऊ जहाज या अर्थी. शिडांनी ब्रिग आणि दर्जानं स्लूप, असं एकच जहाज असू शकतं. मराठीत अशा वेळी मी फक्त 'ब्रिग' ठेवते.

आता कोठडी. हा अर्थ अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तो त्यांच्या नौदलाच्या बोलीत दिसतो. ब्रिग जहाजांचा उपयोग कैदी ठेवायला किंवा न्यायला होत असे म्हणून कोठडीलाच ब्रिग म्हणू लागले, असं सांगतात. हा तर्क आहे, कोशकार त्याला पक्की व्युत्पत्ती मानत नाहीत. तुमच्या तळटिपेत तो ठाम विधान म्हणून घालू नका.

मला काळ महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी नौदलात फटके मारायची शिक्षा २८ सप्टेंबर १८५० रोजी कायद्यानं बंद झाली. त्याआधी शिस्तीचं मुख्य साधन चाबूक होतं. खलाशाला सगळ्यांसमोर उभं करून फटके मारले आणि पुन्हा कामाला लावलं, की प्रकरण संपलं. चाबूक गेल्यावर कोंडून ठेवणं, बेड्या घालणं, पाव-पाण्यावर ठेवणं या शिक्षांचं वजन वाढलं, आणि कोंडायचं तर जागा हवी. जहाजंही मोठी होत होती, त्यामुळे पोटात एखादी गजांची खोली काढणं शक्य झालं. पाव-पाण्याची शिक्षा किती चिवट निघाली बघा. जहाजावरच्या कनिष्ठ खलाशाला जास्तीत जास्त तीन दिवस पाव-पाण्यावर कोंडायचा कॅप्टनचा अधिकार २०१९ उजाडेपर्यंत टिकून होता, १ जानेवारी २०१९ पासून तो गेला.

तुमची कथा नेमकी या बदलाच्या आधीची आहे, म्हणून तिच्या दुसऱ्या प्रसंगाबद्दल मला शंका आहे. १८४२ ची 'सॉमर्स'ची घटना तुम्हाला इथे फार उपयोगी पडेल. सॉमर्स हे अमेरिकी नौदलाचं ब्रिग, शंभरेक फूट लांब, आणि त्यावर सुमारे १२० माणसं, त्यातली बरीचशी शिकाऊ पोरं. आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून परतीच्या वाटेवर असताना कॅप्टन मॅकेन्झीला कळलं की फिलिप स्पेन्सर नावाचा १९ वर्षांचा शिकाऊ अधिकारी बंड करून जहाज पळवायचा बेत करतोय. हा स्पेन्सर म्हणजे तेव्हाच्या युद्धमंत्र्यांचा मुलगा. २६ नोव्हेंबरला त्याला पकडलं. पण ठेवायचं कुठे? जहाजावर कोठडी नव्हतीच. त्याला हातापायांत बेड्या घालून मागच्या डेकवर बसवला, उघड्यावर, तोफांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांच्या मध्ये. मग क्रॉमवेल आणि स्मॉल या त्याच जहाजावरच्या दोघा खलाशांनाही बेड्या घातल्या. पुढे आणखी काहींना. डेकवर कैदी वाढत गेले तसं पहारेकऱ्यांचं बळ अपुरं पडू लागलं, आणि कैद्यांना सोडवायचा प्रयत्न होईल ही अधिकाऱ्यांची भीती वाढत गेली. इतक्या लहान जहाजावर इतके कैदी सुरक्षित ठेवता येत नाहीत, हा मॅकेन्झीच्या बचावातला मोठा मुद्दा होता. १ डिसेंबर १८४२ ला तिघांना डोलकाठीच्या आडव्या काठीवरून फाशी दिलं. जहाज ५ डिसेंबरला सेंट टॉमस बेटाला लागलं. चार दिवस कळ काढली असती तर त्या तिघांवर जमिनीवर रीतसर खटला चालला असता, या विचारानं ही हकिगत वाचताना आजही जीव कळवळतो. मॅकेन्झी लष्करी न्यायालयातून सुटला. अधिकारी घडवायची ही पद्धत बरी नव्हे असा बोभाटा झाला, आणि १८४५ मध्ये ॲनापोलिसची नौदल अकादमी निघाली त्यामागच्या कारणांत सॉमर्सचं नाव घेतलं जातं. खुद्द सॉमर्स १८४६ च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या व्हेराक्रूझजवळ वादळी झोतात उलटून बुडालं.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण तुमचा तो हुकूम. १८४० च्या सुमाराच्या ब्रिगवर दार, कुलूप आणि गज असलेली वेगळी खोली असण्याची शक्यता कमी. दोन डेकांमधली उंची इतकी कमी की धड उभं राहता येत नसे, आणि जी जागा होती ती पाण्याची पिंपं, दारूगोळा, दोरखंड आणि झोळ्या यांनी भरलेली. तुमच्या लेखकानं बहुधा नंतरच्या काळातला शब्द मागे नेलाय. कथाकार असं करतात, आणि अनुवादकानं मूळ बदलू नये. पण मराठी शब्द निवडायचं स्वातंत्र्य आपल्याकडे असतं. मजकुरात पुढे दार, किल्ली, गज यांचा उल्लेख असेल तर 'कोठडी' लिहा, इलाज नाही. तसं काही नसेल तर 'त्या दोघांना कैदेत टाका' एवढंच लिहा. हे मूळ वाक्याशी प्रामाणिक आहे आणि इतिहासाशीही. मी स्वतः हेच करेन.

ब्रिटिश जहाज असेल तर हिशोब निराळा. त्यांच्या नौदलात कोठडीला ब्रिग म्हणायची रीत नाही. जुन्या काळी एका लांब लोखंडी दांड्यात ओवलेल्या कड्यांमध्ये कैद्याचे पाय अडकवत, नंतर 'सेल्स' आल्या. आपलं नौदल ब्रिटिश परंपरेतून आलेलं, त्यामुळे भारतीय नौदलाच्या संदर्भात 'ब्रिगमध्ये टाकलं' असं लिहू नये. ब्रिटिश जहाजावरच्या कथेत कैदखाना या अर्थी ब्रिग दिसला तर लेखक अमेरिकी असावा किंवा त्यानं सिनेमातून शब्द उचलला असावा.

आणि ब्रिग जहाजावरच असायला हवी असंही नाही. आज अमेरिकी नौदलाचे जमिनीवरचे तुरुंगही ब्रिग म्हणूनच ओळखले जातात. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला, कॅलिफोर्नियातल्या मिरामारला आणि व्हर्जिनियातल्या चेसापीकला असे मोठे तुरुंग आहेत. तुमच्या शेवटच्या प्रकरणात पत्रं येतात, वकील येतो, मुक्काम महिन्यांचा आहे. हे सगळं जमिनीवरचंच. तिथे 'जहाजावरची कोठडी' लिहिलंत तर वाचक त्या पोराला उगाच समुद्रात धाडेल. 'नौदलाचा तुरुंग' लिहा.

इथे आणखी एका शब्दापासून सावध राहायला हवं, तो म्हणजे 'हल्क'. शिडं-डोलकाठ्या उतरवलेलं, नांगरून ठेवलेलं जुनं जहाज म्हणजे हल्क. ब्रिग ही जहाजातली एक खोली, पण कैदी ठेवलेलं हल्क म्हणजे अख्खं जहाजच तुरुंग. अमेरिकी वसाहतींशी लढाई जुंपली आणि ब्रिटनला तिकडे गुन्हेगार पाठवता येईनात, तेव्हा १७७६ मध्ये कायदा करून थेम्स नदीत असे तुरुंग सुरू केले. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली ती व्यवस्था १८५७ पर्यंत चालली. त्याच लढाईत न्यूयॉर्कजवळ उभ्या असलेल्या 'जर्सी' या ब्रिटिश हल्कवर अमेरिकी युद्धकैदी रोगराईनं आणि उपासमारीनं मोठ्या संख्येनं मेले. मराठीत याला 'तुरुंग-जहाज' किंवा 'तरंगता तुरुंग' छान बसतं. ब्रिगला मात्र ते वापरू नका.

मराठी वाचकाच्या मनात जहाज आणि कैदी हे दोन शब्द एकत्र आले की सावरकर येतात, मार्सेलिस येतं, काळं पाणी येतं. त्याचा विचार अनुवादकानं करावा. पण सावरकरांना ज्यातून नेत होते ते 'मोरिया' हे प्रवासी जहाज होतं. १९१० च्या जुलैत सावरकर ज्या गवाक्षातून समुद्रात उतरले ते शौचकूपाचं होतं, तुरुंगाच्या कोठडीचं नव्हे. प्रवासी जहाजावर कैदी नेला म्हणजे तिथे ब्रिग असणारच असं धरून चालू नये.

आता तुमचं 'गलबत'. तुम्ही हा शब्द का निवडलात ते कळतं. कानाला गोड, आपला, आणि आंग्र्यांची आठवण देणारा. दोन डोलकाठ्या म्हणाल तर त्याही आहेत. पण मराठा आरमाराचं गलबत हे वल्ह्यांवरही चालणारं, फार तर सत्तरेक टनांचं जहाज. चाळीस-पन्नास वल्ही, मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, दुसरी काठी अगदी किरकोळ. ब्रिगवर वल्ह्यांचा ताफा नसतो आणि शिडं चौकोनी असतात. आकारानं ब्रिगच्या जवळ जाते ती गुराब. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब निमुळती काढलेली आणि तिथून तोफा डागायची सोय. पण गुराब लिहिलंत की वाचक विजयदुर्गाच्या खाडीत पोहोचतो. अमेरिकी कॅप्टन गुराबेवर उभा आहे हे चित्र त्याला पचणार नाही, आणि पचू नये. आंग्र्यांच्या आणि धुळपांच्या जहाजांची नावं ही आपल्या इतिहासाची नावं आहेत, ती परक्या जहाजांना वाटून टाकली की दोन्हीकडची ओळख पुसट होते. याबाबत मी जरा हट्टीच आहे.

लहान मुलांसाठी गोष्ट सांगत असाल तर 'शिडाचं जहाज' पुरे, तिथे ब्रिग शब्दाची गरजच नाही. मोठ्यांसाठी, विशेषतः दिवाळी अंकासाठी किंवा पुस्तकासाठी असेल, तर पहिल्या उल्लेखात 'ब्रिग जातीचं दोन डोलकाठ्यांचं जहाज' असं वाक्यातच उलगडून टाका, आणि पुढे नुसतं 'ब्रिग' किंवा 'जहाज' आलटून-पालटून वापरा. लिंगाचा प्रश्न येईल. जहाज नपुंसकलिंगी, म्हणून मी 'ते ब्रिग' लिहिते. कोणी 'ती ब्रिग' लिहितात, बोट किंवा नौका मनात धरून, तेही चालतं, फक्त पुस्तकभर एकच ठेवा. अनेकवचनाला प्रत्यय लावायच्या फंदात पडू नका, 'ब्रिग जहाजं' म्हणा.

आपल्या बडोद्याकडच्या अनुवादकांना एक खास सूचना. इथे गुजराती कानावर पडत असते, आणि गुजरातीत शिडाच्या जहाजाला 'वहाण' म्हणतात. मराठीत वहाण पायात असते. गुजराती मजकुरातून मराठीत येताना हा शब्द नकळत तसाच उतरतो, आणि मुद्रितं तपासताना नजरेतून सुटतो. डोलकाठीसाठी 'कूवाथंभ' आणि शिडासाठी 'सढ' हेही असेच डोकावतात. मूळ इंग्रजी असलं तरी संदर्भासाठी तुम्ही गुजराती पुस्तक वापरलं असेल तर एकदा शोधून बघा.

कोठडीच्या अर्थाला मराठीत 'ब्रिग' कधीच लिहू नये, असं माझं मत आहे. एकाच कथेत तेच अक्षर दोन अर्थांनी आलं की वाचक मागची पानं उलटत बसतो. इंग्रजी वाचकाची ती सवय असते, आपल्या वाचकाला तो त्रास कशाला? 'कोठडी' हा शब्द नेमका आहे. पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी हे आपण रोज वाचतो, त्यामुळे थोड्या दिवसांची, चौकशीआधीची किंवा किरकोळ शिक्षेची कैद ही छटा आपोआप येते. 'अंधारकोठडी' मध्ये मात्र छळाचा रंग आहे, मजकुरात तो असेल तरच वापरा. 'तुरुंग' महिन्या-वर्षांच्या शिक्षेला.

ओळखायचं कसं, तर शब्दाच्या शेजारी बघा. शिडं, तोफा, टन, बंदर, जहाजाचं नाव, 'ऑन बोर्ड द ब्रिग' असं काही असेल तर जहाज. पहारेकरी, किल्ली, दिवस, शिक्षा असेल तर कोठडी. केवळ 'इन द ब्रिग' वर विसंबू नका. 'ब्रिगमधून प्रवास केला' या अर्थीही जुन्या इंग्रजीत ते येतं आणि पुढे बहुधा जहाजाचं नाव असतं. त्यानंतर साल बघा आणि झेंडा, म्हणजे जहाज कोणत्या देशाचं ते, बघा. १८४० आधीचं असेल तर जवळजवळ नेहमी जहाज. विसाव्या शतकातलं लष्करी प्रकरण असेल तर जवळजवळ नेहमी कैदखाना, कारण तोवर ब्रिग जहाजं लढाऊ आरमारांतून गेलेली होती. मधल्या काळातलं अमेरिकी लिखाण असेल तर प्रत्येक वाक्य वेगळं तपासावं लागतं.

तुमच्या तीन वाक्यांपुरतं मी असं लिहीन. पहिलं: 'वादळ मागे टाकून ते दोन डोलकाठ्यांचं ब्रिग बंदरात शिरलं.' दुसरं: 'दोघांना बेड्या घाला आणि पहाऱ्यात ठेवा, कॅप्टननं हुकूम सोडला.' मात्र बेड्यांचा उल्लेख मूळ प्रसंगात पुढे-मागे कुठे तरी असेल तरच, नाही तर वर म्हटलं तसं 'कैदेत टाका'. तिसरं: 'नौदलाच्या तुरुंगात त्यानं ते महिने काढले.' दुसऱ्या वाक्याच्या पुढचा परिच्छेद इथे टाकलात, म्हणजे कैद्यांना ठेवलंय त्या जागेचं वर्णन, तर कोठडी ठेवायची की काढायची ते नक्की सांगता येईल.